राजाबाई टॉवरचे कोडे आणि जखमी कॅप्टन

२५ एप्रिल १८९१ रोजी मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला. खटल्यातील आरोपी निर्दोष सुटला. कोडे कायम राहिले. नेव्ह मार्च यांची ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ (२०२०) ही इंग्रजी कादंबरी याच घटनेवर बेतली आहे. शोध घेणारा, लढाईच्या आठवणींनी छळलेला माजी लष्करी अधिकारी कॅप्टन जिम अग्निहोत्री मात्र काल्पनिक आहे. इतिहासाने न दिलेले उत्तर कादंबरी देते. ते निकालपत्र समजू नये. मृत तरुणींपैकी बचुबाई या अर्देशीर गोदरेज यांच्या पत्नी होत्या. घाटकोपर-मुलुंडदरम्यान विक्रोळीत रोज दिसणाऱ्या त्या नावामागे हे खरे दुःखही आहे. रहस्याचा आनंद घेताना त्याचा विसर पडू नये.