अनुमस्तिष्क : संवेदी आणि प्रेरक संदेशांची सांगड

मागील घटकात आपण पाहिले की, ऐच्छिक हालचालीचा निर्णय प्रमस्तिष्कात होतो. परंतु निर्णय होणे वेगळे आणि ती हालचाल नेमकी घडणे वेगळे. भाईंदरहून सुटलेली लोकल वसईच्या खाडीवरील पुलाकडे वळताना डबा हिसका देतो. तरीही कशाचाही आधार न घेता उभा असलेला नेहमीचा प्रवासी वाचत असलेली ओळ सोडत नाही. तोल सावरायचे त्याने केव्हा ठरवले, हे त्याला विचारले तर सांगता येणार नाही. उत्तनचा खलाशी हेलकावणाऱ्या नौकेवर दोन्ही हातांनी जाळे ओढतो, तेव्हाही हेच घडते. हात जाळ्यात गुंतलेले असतात आणि लाटेचा हिशेब पाय ठेवतात. पायांना हा हिशेब पुरवणारा अवयव म्हणजे अनुमस्तिष्क, अर्थात लहान मेंदू.

'लहान' हे विशेषण आकारापुरतेच खरे आहे. कवटीच्या मागील बाजूस, तळाशी असलेल्या या भागाचे आकारमान संपूर्ण मेंदूच्या सुमारे एक दशांश भरते. मात्र २००९ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार मानवी मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज पेशी एकट्या अनुमस्तिष्कात आहेत. त्याचा आणखी एक विशेष लक्षात ठेवा. प्रमस्तिष्काचा उजवा अर्धगोल शरीराच्या डाव्या बाजूचे नियंत्रण करतो; अनुमस्तिष्काची उजवी बाजू मात्र शरीराच्या उजव्याच बाजूशी निगडित असते.

अनुमस्तिष्काकडे येणारी माहिती दोन प्रकारची असते. पहिली संवेदी. स्नायू किती ताणले गेले आहेत, सांधे कोणत्या कोनात आहेत, हे मेरुरज्जूतून कळते. डोके कोणत्या दिशेने वळले वा कलले, हे अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्या शेजारची इंद्रिये कळवतात. याशिवाय दृष्टीचे संदेश असतातच. दुसरी माहिती प्रेरक स्वरूपाची. प्रमस्तिष्क स्नायूंना जो आदेश पाठवते, त्याची एक प्रत मस्तिष्कसेतूमार्गे अनुमस्तिष्काकडेही येते. कचेरीच्या भाषेत सांगायचे, तर मूळ पत्र स्नायूंच्या नावे आणि 'प्रत माहितीसाठी' अनुमस्तिष्कास.

ही प्रत कशासाठी, हे समजले की या विषयाचा गाभा समजला. डोळ्यांनी टिपलेला बदल हालचालीत उतरण्यास सुमारे एक ते दोन दशांश सेकंद लागतात. हा विलंब किरकोळ वाटेल; पण तेवढ्यात डबा पुढचा हिसका देऊन मोकळा झालेला असतो. केवळ संवेदनांवर विसंबले, तर दुरुस्ती नेहमीच उशिरा होईल. म्हणून अनुमस्तिष्क आदेशाची प्रत वाचून परिणामाचा अंदाज आधीच बांधते आणि मागाहून येणाऱ्या संवेदनांशी तो ताडून पाहते. दोन्ही जुळले तर ठीक. न जुळल्यास चालू हालचालीत दुरुस्ती होते आणि पुढच्या खेपेचा अंदाजही सुधारतो.

याची प्रचीती घेण्यासाठी ही पुस्तिका समोर धरून वेगाने डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे पुसट होतील. आता पुस्तिका स्थिर ठेवून त्याच वेगाने डोके हलवा. अक्षरे वाचता येतील. डोके जितके वळते तितकेच डोळे उलट दिशेने फिरतात, म्हणून असे होते. ही प्रतिक्षिप्त क्रिया मस्तिष्कस्तंभाची असली, तरी तिचे माप अनुमस्तिष्क जुळवते. नवा चष्मा लागल्यावर पहिले काही दिवस जमीन वरखाली झाल्यासारखी वाटते आणि मग ती 'जागेवर येते'. बदललेले असते ते हे माप.

ही जुळवणी पुर्किंजे पेशींत होते. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किंजे यांनी १८३७ साली त्यांचे वर्णन केले. अशा एका पेशीवर लाखाहून अधिक सूक्ष्म समांतर तंतू आपले संदेश आणून टाकतात. त्यांत संवेदी व प्रेरक दोन्ही माहिती असते. याउलट, पेशीला वेढून चढणारा आरोही तंतू एकच. डेव्हिड मार (१९६९) व जेम्स आल्बस (१९७१) यांच्या सिद्धान्तांनंतर असे मानले जाते की, हा एकटा तंतू मुख्यतः 'चूक झाली' असा इशारा देतो आणि त्या क्षणी कार्यरत असलेल्या समांतर तंतूंचे वजन त्यामुळे बदलते. याच्या तपशिलाबद्दल वाद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. एवढे मात्र निश्चित की, पुर्किंजे पेशींचा संदेश निरोधक असतो. त्या हालचाल सुरू करत नाहीत, तिला आवर घालून आकार देतात.

त्यामुळे अनुमस्तिष्काला इजा झाली तर पक्षाघात होत नाही. स्नायूंत बळ असते, पण मापच हरपते. पेल्याकडे गेलेला हात पेल्याच्या पलीकडे जातो, वस्तू जवळ येईल तसा कंप वाढतो, पावले फाकतात, बोलणे तुटक वा जड होते. हीच लक्षणे मद्यपानाने तात्पुरती दिसतात, कारण मद्याचा परिणाम अनुमस्तिष्कावरही होतो. या साम्याची किंमत रुग्ण मोजतो. थेंबही न घेतलेल्या माणसाला फलाटावर, कामावर, कधी सोयरिकीच्या बैठकीतही 'झिंगलेला' ठरवले जाते. 'तोल जाणे' या मराठी वाक्प्रचारात शरीराचा व शीलाचा तोल एकत्र झाला आहे, आणि अनुमस्तिष्काच्या रुग्णाला तो दोन्ही अर्थांनी लावला जातो.

या विकारांच्या अभ्यासात मुंबईचे स्थान महत्त्वाचे आहे. डॉ. नोशीर वाडिया यांनी १९५७ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालयात चेतासंस्थाविज्ञानाचा विभाग सुरू केला. १९७१ साली त्यांनी आर. के. स्वामी यांच्यासह 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांतील आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. या रुग्णांचा तोल तर जात होताच. शिवाय एका वस्तूवरून दुसरीकडे झटकन वळणारी त्यांची नजर संथ झाली होती. हा दुसरा दोष मुख्यतः मस्तिष्कस्तंभातील पेशींच्या ऱ्हासामुळे येतो, अनुमस्तिष्कामुळे नव्हे. नळी-हातोडी घेऊन तपासणारा डॉक्टर केवळ रुग्णाची नजर बारकाईने पाहून दोन विकार वेगळे ओळखू शकतो, हे या कामाचे मोठेपण. पुढे १९९६ साली बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील दोष ओळखला गेला. त्या विकाराला आज 'एससीए-२' म्हणतात आणि वाडिया यांनी वर्णिलेले चित्र त्याच्याशी जुळते. यात जनुकातील एक छोटा क्रम प्रमाणाबाहेर पुनरावृत्त होतो. दोष आईकडून वा वडिलांकडून, कोणा एकाकडून आला तरी पुरतो; म्हणून बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. रक्ताच्या तपासणीतून तो लक्षणांपूर्वीही कळू शकतो. विकार बरा करणारे औषध अद्याप नाही. तोल व चालण्याचा नियमित व्यायाम मात्र उपयोगी पडतो. त्यामुळे ज्या घरात वडिलांची पावले डळमळू लागली आहेत, तेथील विशी-पंचविशीच्या मुलांनी ही तपासणी करावी की नाही, हा निर्णय प्रयोगशाळेच्या हाती राहत नाही. समुपदेशनानंतर तो ज्याचा त्याने घ्यायचा असतो.