कारंज्याची प्रत

कारंजा लाड म्हटलं की बहुतेकांना गुरुमंदिर आठवतं, नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान आठवतं. वाशिम जिल्ह्यातल्या याच गावात जैनांची तीन जुनी मंदिरं आहेत: सेनगणाचं, बलात्कारगणाचं आणि काष्ठासंघाचं. इथे भट्टारकांच्या, म्हणजे जैन मठाधिपतींच्या, गाद्या होत्या आणि गादीच्या आश्रयाने ग्रंथभांडारं वाढली. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तेव्हा या भांडारांकडे अभ्यासकांचं नीट लक्ष गेलं. त्यात अपभ्रंश भाषेतली काव्यं होती, दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीची. कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य यांनी 1931 साली त्याचं ‘जसहरचरिउ’ संपादून दिलं आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन यांनी 1933 साली ‘णायकुमारचरिउ’. मराठीच्या जन्माआधीची भाषा कशी होती, हे समजायला ज्या पोथ्यांचा आधार मिळाला, त्यांतल्या काही आपल्या वऱ्हाडातल्या कपाटांत होत्या.

या लेखाचा विषय मात्र कारंज्यातलीच आणखी एक प्रत आहे. पुढे मुनी समंतभद्र म्हणून ओळखले गेलेले ब्रह्मचारी देवचंदजी यांनी 1918 साली कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल काढलं. तिथे ‘धवला’ या ग्रंथाची कागदावरची नागरी प्रत आली. ती कशी आली, हे स्पष्टच सांगायचं तर चोरून केलेल्या नकलेच्या चोरून केलेल्या नकलेवरून आली. ज्याला आज आपण पायरसी म्हणतो, त्या भांडणातली जवळजवळ प्रत्येक बाजू या एका ग्रंथाच्या प्रवासात भेटते. म्हणून तो तपशिलाने सांगतो.

‘षट्खंडागम’ हा दिगंबर जैन परंपरेतल्या सर्वांत जुन्या सिद्धांतग्रंथांपैकी एक, आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांचा (हे पुष्पदंत वर उल्लेखलेल्या कवीच्या कित्येक शतकं आधीचे). त्यावर वीरसेनांनी 816 साली पूर्ण केलेली टीका म्हणजे ‘धवला’. तिचा विस्तार 72,000 श्लोकांचा सांगतात. हा श्लोक म्हणजे छंद नव्हे, लेखनिकाच्या मजुरीचं माप आहे: 32 अक्षरांचा एक श्लोक. म्हणजे तेवीस लाखांहून अधिक अक्षरं. ती ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत, कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, होती. दुसरीकडे कुठेही नव्हती. यात्रेकरूंना ताडपत्रांचं दर्शन मिळे. हात जोडायचे आणि पुढे सरकायचं. सिद्धांतग्रंथ गृहस्थाने वाचायचा नसतो, अशी समजूत होती आणि ती लिपी वाचणारेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

मुंबईचे शेठ माणिकचंद 1883 साली यात्रेला गेले, तेव्हा ही ताडपत्रं जीर्ण होत चाललेली त्यांनी पाहिली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनाही त्यांनी त्याची तळमळ लावली. वर्गणी जमवून, बसदीच्या विश्वस्तांना राजी करून 1896 साली नकलेचं काम सुरू झालं. ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय असे दोघे लिहायला बसले. ब्रह्मसूरी लवकरच वारले आणि पुढे नागरी प्रतीचा भार गजपतींवर आला. ‘धवला’ आणि तिच्यासोबत तिथेच जपलेले ‘जयधवला’ आणि ‘महाधवला’ अशा तिन्ही ग्रंथांच्या नकला पुऱ्या व्हायला 1922 साल उजाडलं. नक्कल करायची अट एकच होती: प्रत मूडबिद्रीबाहेर जायची नाही.

गजपतींनी ती अट मोडली. विश्वस्तांसाठी नागरी प्रत लिहीत असताना पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने त्यांनी कन्नड लिपीत दुसरी प्रत गुपचूप तयार केली. ती घेऊन ते सोलापूरला हिराचंद शेठजींकडे आले. ज्यांनी हे सगळं काम उभं केलं, त्या माणसाने ती घ्यायला नकार दिला, कारण ती दिलेला शब्द मोडून आणलेली होती. मुंबईतही तेच उत्तर मिळालं. अखेर सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांनी ती विकत घेऊन आपल्या मंदिरात ठेवली. तिथे कन्नड वाचणारं कोण? म्हणून नागरी प्रत करवून घेण्यासाठी पंडित नेमले. त्यांतले सीताराम शास्त्री यांनीही तेच केलं जे गजपतींनी केलं होतं: स्वतःसाठी एक जादा प्रत काढून ठेवली. त्या प्रतीवरून नकला निघाल्या आणि आरा, सागर, इंदूर, मुंबई, अजमेर करत गावोगावच्या जैन मंदिरांत पोहोचल्या. एक अमरावतीला आली, एक कारंज्याच्या आश्रमात.

प्रा. हीरालाल जैन यांनी या अमरावती, आरा आणि कारंज्याच्या प्रती समोर ठेवून ‘धवला’चं संपादन हाती घेतलं. भेलशाच्या म्हणजे आजच्या विदिशेच्या शेठ लक्ष्मीचंद यांनी दिलेल्या निधीतून पहिला भाग 1939 साली अमरावतीहून निघाला, हिंदी अनुवादासह. सोळावा भाग 1958 साली आला. शतकानुशतकं एका खोलीत राहिलेला ग्रंथ वीस वर्षांत कुणालाही विकत मिळू लागला. 1973 पासून त्याची नवी आवृत्ती सोलापूरच्याच जैन संस्कृती संरक्षक संघाने काढली.

चोरट्या नकलेची एक खोड असते: चूक झाली की ती सगळीकडे जाते आणि मूळ पाहून दुरुस्त करता येत नाही, कारण मुळापाशी जायला तोंड नसतं. तिन्ही प्रती एकाच सीताराम-प्रतीच्या वंशातल्या असल्याने त्यांतल्या चुकाही सारख्या. पहिल्या भागातल्या 93 व्या सूत्रात संपादकांना ‘संजद’ हा शब्द सुटलेला वाटला. संजद म्हणजे संयत, संयम पाळणारा साधक. सूत्र स्त्रियांच्या आध्यात्मिक पायऱ्यांविषयीचं आहे, त्यामुळे या एका शब्दावर स्त्रीच्या मोक्षाधिकाराचा वाद उभा राहतो. संपादकांनी मूळ पाठात आपल्या मनाने शब्द घातला नाही. इथे ‘संजद’ असावा असं वाटतं, एवढीच टीप तळाला दिली. पहिला भाग छापून बाहेर आल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि विश्वस्तांनी मन मोठं केलं आणि छापील पाठ मूळ ताडपत्रांशी पडताळू दिला. ताडपत्रात शब्द होता. पुढे या शब्दावरून समाजात मोठा गदारोळ झाला, पण निदान ज्यावर वाद घालायचा तो पाठ सगळ्यांच्या समोर होता.

आता गजपती उपाध्यायांना काय म्हणायचं? त्यांनी विश्वासघात केला, हे मी लपवणार नाही. हिराचंद शेठजींचा नकार मला आजही मोठा वाटतो. हाती आलेलं फळ केवळ शब्दासाठी परत करणं सोपं नाही. तरीही त्या नवराबायकोने ती प्रत केली नसती, तर एखाद्या आगीत, एखाद्या वाळवीत तेवीस लाख अक्षरं कायमची जाऊ शकली असती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझं मत असं की ज्याचा लेखक हजार वर्षांपूर्वी गेला, ज्याच्या वाचनाने कुणाच्या घरची चूल विझत नाही, असं ज्ञान कुलुपात ठेवणारा आपल्याच दारात चोर घडवतो. दोषाचा पहिला वाटा कुलुपाचा.

हे जैन परंपरेला ठाऊक नव्हतं असंही नाही. शास्त्रदान हे आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीचं दान मानलेलं आहे. गावोगावच्या श्रावकांनी आणि श्राविकांनी व्रताच्या उद्यापनाला ग्रंथ लिहवून घेतले आणि मुनींना, मंदिरांना दिले. पोथीच्या शेवटी जी पुष्पिका असते, ती वाचावी: कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणी लिहिलं, कोणी पैसे दिले, कोणासाठी. लेखनिक सांगतो की पाठ, कंबर आणि मान मोडून हे लिहिलं आहे, तेव्हा जपून वापरा. नक्कल करण्याचा अधिकार मोकळा, पण लिहिणाऱ्याचं नाव, देणाऱ्याचं नाव आणि श्रमाची मजुरी यांतलं काहीही वगळायचं नाही. गजपतींच्या कन्नड प्रतीची गोष्ट वेगळी. अशी पुष्पिका उजळ माथ्याने लिहिता येईल असं ते काम नव्हतं.

ज्याची नक्कल झाली नाही त्याचं काय होतं, याचा दाखला शोधायला वाशिमबाहेर जावं लागत नाही. आजचं वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. 1939 सालीच, ‘धवला’चा पहिला भाग निघाला त्याच वर्षी, वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि या शाखेचा इतिहास हाती लागला. तिचा संस्थापक राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचं ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य आनंदवर्धन, हेमचंद्र अशा मोठ्या साहित्यशास्त्रकारांनी वाखाणलं. आज त्याची एकही पोथी उपलब्ध नाही. या मंडळींनी आपल्या ग्रंथांत नावानिशी उतरवून घेतल्या तेवढ्या ओळी राहिल्या. वाशिमच्या राजाचं काव्य आपल्याला कळतं ते काश्मीर आणि गुजरातेतल्या पंडितांनी त्यातून घेतलं म्हणून.

तर मग व्हॉट्सअ‍ॅपवर दिवाळी अंकाची पीडीएफ फिरवणारा आणि गजपती उपाध्याय सारखेच का? मुळीच नाही. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत काही वर्षांपूर्वीपर्यंत मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळे: इतक्या रुपयांत इतकी गाणी, इतके पिक्चर. त्यातला एक पैसाही गाणाऱ्याकडे जात नसे. आता कार्ड गेलं, टेलिग्राम आलं. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची. लेखकाची रॉयल्टी त्या विक्रीवर. नव्या कादंबरीची स्कॅन केलेली प्रत ‘वाचनप्रेमींसाठी’ म्हणून गटात टाकली जाते, तेव्हा ती कुठल्याही कुलुपातून सुटलेली नसते. पुस्तक दुकानात असतं, वाचनालयात असतं, लिहिणारा जिवंत असतो आणि त्याला मजुरी मिळायची असते. त्या गटांतली माणसं वाईट नाहीत, पुष्कळदा खरोखरच पुस्तकवेडी असतात, आणि म्हणूनच त्यांनी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कायदा इथे कठोर आहे. महाराष्ट्राच्या 1981 च्या एमपीडीए कायद्यात, म्हणजे झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्याच्या कायद्यात, पुढे व्हिडिओ पायरेट्सचीही भर पडली. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने सिनेमाच्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. पण डीटीपीच्या दुकानात क्रॅक केलेलं पेजमेकर वर्षानुवर्षं चाललं, ते भीती नव्हती म्हणून नव्हे. लग्नपत्रिका छापून पोट भरणाऱ्याला ते सॉफ्टवेअर परवडतच नव्हतं आणि दुसरा रस्ता कुणी दाखवला नव्हता.

दुसरा रस्ता आहे, आणि तो चोरीचा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातून आलेल्या मुक्त परवान्याचं तत्त्व कारंज्याच्या लेखनिकाला लगेच पटलं असतं: वापरा, उतरवा, सुधारा, वाटा, मात्र मूळ कर्त्याचं नाव ठेवा आणि पुढच्यालाही हाच हक्क द्या. इथे कर्ता स्वतः होऊन देतो. लिबर ऑफिसमध्ये आज मराठी पत्र, हिशेब, पुस्तक सगळं होतं. मुंबईच्या एक टाइप या गटाने ‘मुक्ता’, ‘बलू’ असे देवनागरी टंक मुक्त परवान्यावर दिले. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून वाचकांनीच लिहिला आहे. मराठी विश्वकोश सर्वांसाठी विनामूल्य खुला आहे. आपल्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी त्याचं लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 2011 पासून ‘श्यामची आई’ कुणीही छापावी, वाचून ध्वनिमुद्रित करावी, फुकट वाटावी. असं कायदेशीर मोकळं झालेलं मराठी साहित्य शुद्ध करून, तपासून उपलब्ध करायला माणसं कमी पडतात, आणि नव्या पुस्तकांची स्कॅन करायला मात्र भरपूर माणसं मिळतात.

राष्ट्रीय पांडुलिपी मिशन 2003 साली सुरू झालं; 2025 च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ जाहीर झालं, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन करण्याचं लक्ष्य ठेवून. या निमित्ताने कारंज्याच्या भांडारांच्या विश्वस्तांकडे माझं मागणं आहे. ज्या पोथ्यांची छायाचित्रं निघतील, ती कुणालाही उतरवून घेता येतील अशा परवान्याने द्यावीत आणि प्रत्येक पोथीच्या नोंदीत पुष्पिका पूर्ण उतरवावी, लेखनिकाच्या आणि दात्या श्राविकेच्या नावासकट. आश्रमाची ‘धवला’ त्या यादीत येईल, तेव्हा तिची वंशावळही लिहावी: सीताराम शास्त्री, सहारनपूर, त्याआधी गजपती उपाध्याय आणि लक्ष्मीबाई, मिरज.