शेवंड जिवंतच का शिजवतात?

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मेन नावाचे राज्य आहे. तेथे आनंदाच्या प्रसंगी घरी जिवंत शेवंड आणून शिजवण्याची पद्धत आहे. आपल्या कोकणातील शेवंड काटेरी व लांब मिशांची असते. तिला मोठ्या नांग्या नसतात. मेनच्या शेवंडीला मात्र दोन भक्कम नांग्या असतात. एक जाड, शिंपले फोडणारी. दुसरी निमुळती व धारदार, भक्ष्य फाडणारी. शेवंडी एकमेकींना इजा करू नयेत म्हणून विकताना नांग्यांना रबरी पट्ट्या बांधतात.

घरी आणलेली शेवंड नळाच्या पाण्यात ठेवली तर मरते. तिचे रक्त जवळजवळ समुद्राइतके खारट असते. त्यामुळे परासरणाने गोडे पाणी तिच्या शरीरात शिरत राहते. ओल्या कागदात गुंडाळून थंड जागी ठेवली, तर कल्ले ओले राहून ती एखादा दिवस तग धरते.

पण ती जिवंतच का हवी? शेवंडीच्या पचनग्रंथीत प्रथिने तोडणारी तीव्र विकरे असतात. प्राणी मेला की ती आजूबाजूच्या मांसात पसरतात आणि मांस मऊ, भुसभुशीत होते. शिवाय जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यांपैकी काहींची विषद्रव्ये उकळूनही नष्ट होत नाहीत. म्हणून मरून पडलेली शेवंड घेऊ नये, हा नियम योग्यच आहे.

अर्धा-पाऊण किलोची शेवंड उकळत्या खारट पाण्यात दहा-बारा मिनिटांत शिजते आणि निळसर-काळपट कवच लालभडक होते. हा लाल रंग नवा तयार होत नाही. तो आधीपासून तेथेच असतो. अन्नातून मिळालेले अ‍ॅस्टाझॅन्थिन हे रंगद्रव्य कवचात क्रस्टासायनिन या प्रथिनाच्या पकडीत असते. मोकळे अ‍ॅस्टाझॅन्थिन सुमारे ४७० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे निळा-हिरवा प्रकाश शोषते, म्हणून लाल दिसते. प्रथिनाच्या पकडीत असताना ते सुमारे ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश शोषते, म्हणून निळे दिसते. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, पकड सुटते आणि लाल रंग प्रकट होतो.

भांड्यातून कधी कधी शिट्टीसारखा आवाज येतो. ती किंकाळी नव्हे. शेवंडीला स्वरयंत्रच नसते. कवचातून निसटणाऱ्या हवेचा व वाफेचा तो आवाज असतो. पण ओरडता येत नाही म्हणून वेदनाही होत नाही, असे म्हणता येईल का? शेपटी आपटणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. म्हणून संशोधक वेगळी कसोटी लावतात. बेलफास्टच्या रॉबर्ट एलवुड यांनी रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य धक्के दिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नावडत्या शंखातले खेकडे शंख लवकर सोडत, तर आवडत्या शंखातले चिकटून राहत. नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेत असा तोलमोल नसतो. स्वित्झर्लंडने १ मार्च २०१८ पासून शेवंड बधिर न करता उकळण्यास बंदी घातली. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात शेवंड, खेकडे, कोळंबी यांना संवेदनशील प्राणी मानले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. शेवंड स्वयंपाकघरात येईपर्यंत जिवंत हवी, याला रसायनशास्त्राचा आधार आहे. ती उकळत्या पाण्यात पडताना शुद्धीवर हवी, याला मात्र कोणताच आधार नाही. चार-दोन मिनिटांत मांस बिघडत नाही. मात्र डोक्यात सुरी खुपसणे पुरेसे नसते, कारण तिच्या मज्जातंतूंच्या गाठींची साखळी पोटाकडून थेट शेपटीपर्यंत जाते. विजेने बधिर करणे सर्वांत खात्रीचे. ती सोय नसेल तर बर्फात चांगली गारठवून, धारदार सुरीने काही सेकंदांत मधोमध लांबीच्या दिशेने चिरावे. नुसत्या गारठवण्याने संवेदना जातेच असे नाही.

वर्गात रंगबदलाचा प्रयोग सोपा आहे. कच्च्या कोळंबीच्या कवचाचे दोन तुकडे घ्या. एक गरम पाण्यात टाका, दुसरा थंड पाण्यात ठेवा आणि फरक नोंदवा. मग विद्यार्थ्यांना विचारा : घरी जिवंत खेकड्याच्या नांग्या मोडतात, तेव्हा वरच्यापैकी कोणते कारण लागू पडते?