घरच्या घरी चहाची पारख

जो जिन्नस दिवसातून दोनदा घरातील सर्वांच्या पोटात जातो, त्याची पारख सहसा कोणी करीत नाही. चहा बिघडला की दोष तो करणाऱ्या बाईस! आमच्या घरीही तेच झाले. दोन-तीन महिने रोज सकाळी अम्मी पेला खाली ठेवून म्हणत, "रंग आहे, चव नाही." आमचे कुटुंब बिचारे कधी आले वाढवी, कधी दूध, आणि शाळेत विज्ञान शिकविणारे आम्ही वर्तमानपत्राआड गप्प बसून असू. अखेर एका रविवारी आम्ही चहाचीच परीक्षा घेतली. ती रीत कोणासही जमण्यासारखी असल्याने येथे देत आहोत.

प्रथम कोरडा चहा पाहावा. आपल्याकडे येतो तो बहुधा सी. टी. सी. चहा. दातेरी रुळांतून पाने चिरडून, फाडून व वळवून त्याचे दाणे करतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. दाणे काळसर तपकिरी, घट्ट व सारखे असावेत. तांबूस काड्या व तंतू फार दिसल्यास माल हलका समजावा. मग मुठीतील चहावर तोंडाची वाफ सोडून तो हुंगावा. कुबट, मसाल्याचा अथवा साबणाचा वास आल्यास साठवण चुकली. कारण चहा शेजारच्या वस्तूचा वास चटकन ओढून घेतो.

दुसरी परीक्षा भेसळीची. टिपकागदावर चिमूटभर चहा पसरून त्यावर थंड पाणी शिंपडावे. मग चहा काढून कागद नळाखाली धुवावा व उजेडाकडे धरावा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही. रंगविलेल्या चहाचे ओघळ लागलीच उठतात. लोहचुंबक फिरविल्यास लोखंडाचा कीस असल्यास तोही सापडतो. चहात वरून रंग घालण्यास कायद्याने बंदी आहे, तरी सुटा माल घेताना ही खात्री आपणच करावी.

तिसरी परीक्षा चवीची. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० साली ठरविलेल्या पद्धतीत दर १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा व ६ मिनिटे वेळ सांगितली आहे. येथे चमच्यावर विसंबू नये. बारीक भुकटी चमच्यात दाटून बसते, मोठा दाणा पोकळ राहतो; म्हणजे दोन्हींचे वजन सारखे भरत नाही. घरचा काटा इतका बारीक नसल्यास २० ग्रॅम तोलून त्याचे दहा सारखे वाटे करावेत. प्रत्येक पेल्याच्या बुडाशी खुणेची चिठ्ठी चिकटवावी व चाखणाऱ्यास ती दाखवू नये. सर्वांवर एकच खळखळते आधण ओतून झाकण ठेवावे, ६ मिनिटांनी गाळावे. साखर मुळीच नको.

चहा कोमट होऊ द्यावा आणि खुशाल आवाज करीत भुरका मारावा. हवेबरोबर सुगंध नाकापर्यंत चढतो. उत्तम चहाचा रंग लालसर व चकाकणारा असतो. ही चकाकी व जिभेवरील तरतरी थिआफ्लेविन या द्रव्याची, तर रंगाचा गडदपणा मुख्यतः थिआरुबिजिनांचा; म्हणून गडद चहा म्हणजे चांगला चहा, हे समीकरण खोटे. तुरटपणा व कडूपणा यांतही भेद करावा. चांगली तुरटी जिभेला चेतवून विरते. कडूपणा घशाशी रेंगाळतो. नंतर प्रत्येकात सारखे दूध घालावे. सोनेरी तांबूस छटा आली तर माल ताजा, राखट आली तर शिळा. मात्र साबणास फेस न येणाऱ्या जड पाण्यात चांगला चहाही मळकट दिसतो व वर साय धरतो. तेव्हा निकालापूर्वी पाणी बदलून पाहावे.

शेवटी हिशेब. २ ग्रॅमचा पेला धरल्यास पाव किलोत १२५ पेले होतात. तितक्याच कडकपणास ३ ग्रॅम लागले तर ८३ च. तेव्हा दुसऱ्या चहाचा भाव पहिल्याच्या दोन-तृतीयांशाहून कमी असेल, तरच तो स्वस्त.

आमच्या परीक्षेत घरचा सुटा चहा, एक पुड्याचा व एक शेजारून मागितलेला, असे तीन नमुने होते. टिपकागदावर घरच्या चहाचे नारिंगी ओघळ उठले. अम्मींस यातील काही सांगितले नव्हते, तरी तोच पेला त्यांनी बाजूस सारला व म्हणाल्या, "हाच तो." चिठ्ठी पाहिल्यावर त्या सुनेकडे वळल्या. "बेटी, तुझ्या हाताचा दोष नव्हता. मी उगाच बोलत राहिले."

आमची मान मात्र खाली गेली. तो चहा गर्द रंगावर भुलून बाजारातून आणला होता आम्हीच. आणि इतके दिवस मुलेही तोच पीत होती. हल्ली चहा थोडाच आणतो, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि नवा पुडा फोडला की टिपकागद आधी काढतो.