सायकलचे सुटे भाग: दुकानातून की ऑनलाइन?

वाराणसीत गोदौलिया-मैदागिनच्या गर्दीत साधी काळी सायकल अजून कामी येते. तिचे ब्रेक-रबर, कॉटर पिन, छर्रे किंवा ट्यूब हवी असेल, तर जवळचे दुकानच बरे. जुना भाग दाखवून जुळणारा घेता येतो आणि तिथेच बसवूनही मिळतो.

गिअरच्या सायकलचे डिरेलर, कॅसेट किंवा डिस्क ब्रेकचे पॅड लहान दुकानांत मिळतीलच असे नाही. ते ऑनलाइन मागवताना गिअरांची संख्या आणि मॉडेल जुळवून पाहावे.

खरा घोळ होतो तो टायरमध्ये. 26 × 1⅜ आणि 26 × 1.95 हे दोन्ही ‘26 इंची’च, पण पहिला 590 मिमीच्या रिमवर बसतो, दुसरा 559 मिमीच्या. म्हणून जुन्या टायरच्या बाजूवर छापलेला 37-590 असा आकडा आधी वाचावा. त्यात पहिली संख्या रुंदीची, दुसरी रिमच्या व्यासाची.

ऑनलाइन आलेला माल सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा निघाला, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तेव्हा खरेदी कुठूनही करा, बिल मात्र जपून ठेवा.