‘मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं’ म्हणजे नक्की कोणासमोर? पालघर-बोईसरच्या उदाहरणातून समजून घ्या

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई आणि आसपासचा परिसर बंद होता. पालघरच्या एका तरुणीने या बंदवर फेसबुक पोस्ट लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती लाईक केली. १९ नोव्हेंबरला पोलिसांनी दोघींनाही अटक करून पालघरच्या न्यायालयात हजर केलं. आधी १४ दिवसांची न्यायालयीन कोठडी आणि मग त्याच दिवशी प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर जामीन मिळाला.

देशभर टीका झाली. दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, न्यायदंडाधिकाऱ्यांची जळगावला बदली झाली. पुढे हा खटला बंद झाला आणि ज्या ‘६६ अ’ कलमाखाली ही कारवाई झाली होती, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं.

या प्रकरणात चर्चा झाली ती पोलिसांची आणि फेसबुकची. पण अटकेनंतर माणूस घरी जाणार की तुरुंगात, हे ठरवणारी खुर्ची मॅजिस्ट्रेटची असते. आणि पालघरसारख्या जिल्ह्यात अशा खुर्च्या दोन प्रकारच्या आहेत.

पहिली खुर्ची : न्यायदंडाधिकारी

हे कोर्टात बसतात. पूर्ण नाव प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. त्यासाठी कायद्याची पदवी आणि एमपीएससीची परीक्षा लागते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अटही परत आणली. त्यांच्यावर नियंत्रण असतं ते उच्च न्यायालयाचं, सरकारचं नाही. ते गुन्ह्याचा खटला चालवून तीन वर्षांपर्यंतची कैद देऊ शकतात.

गुन्ह्यात अटक झाली, तर राज्यघटनेच्या कलम २२ नुसार २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. त्यापुढे कोठडीत ठेवायचं का, हे नेहमीच्या परिस्थितीत न्यायदंडाधिकारीच ठरवतात. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी अटकेची कारणं लेखी द्यावीत आणि मॅजिस्ट्रेटने ती तपासल्याशिवाय यांत्रिकपणे कोठडी देऊ नये.

दुसरी खुर्ची : कार्यकारी दंडाधिकारी

हे बसतात तहसील कार्यालयात. सातबारा, दाखले आणि निवडणुकीची कामं पाहणारे तहसीलदार हेच कार्यकारी दंडाधिकारीही असतात. त्यांच्या वर प्रांत म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी आणि सर्वांत वर जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी. या पदांसाठी कायद्याची पदवी सक्तीची नाही. स्पर्धा परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीवर देता येते. आणि हे सगळे सरकारच्या अखत्यारीत काम करतात.

ते गुन्ह्याचा खटला चालवत नाहीत. त्यांचं काम शांतता राखण्याचं : जमावबंदी, सार्वजनिक उपद्रव हटवणं, आणि ज्याला सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती कारवाई.

कायदा न शिकलेला माणूस मॅजिस्ट्रेट कसा?

ही पद्धत इंग्रजांच्या काळातली. इंग्लंड आणि वेल्समध्ये आजही बहुतेक फौजदारी प्रकरणं ज्यांच्यासमोर येतात, ते मॅजिस्ट्रेट कायद्याची पदवी नसलेले स्वयंसेवक असतात. साधारण तिघे एकत्र बसतात आणि शेजारी कायदा सांगणारा सल्लागार असतो. भारतात ब्रिटिशांनी जमीनदार, व्यापारी, निवृत्त अधिकारी अशा प्रतिष्ठितांना ‘ऑनररी मॅजिस्ट्रेट’ केलं. दुसरीकडे महसूल गोळा करणारा अधिकारीच फौजदारी न्यायही देत असे.

याला स्वातंत्र्याच्या चळवळीत मोठा विरोध होता. राज्यघटनेच्या कलम ५० ने न्यायसंस्था आणि प्रशासन वेगळं करायला सांगितलं. मुंबई राज्याने १९५१ मध्येच तसा कायदा केला. १ एप्रिल १९७४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने खटले न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दिले. पण शांतता राखण्याचे अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडेच राहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही विभागणी कायम आहे.

चॅप्टर केस : गुन्हा नाही, तरी तुरुंग?

समजा, तारापूर एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर कामगार आणि ठेकेदाराची बाचाबाची झाली. मारामारी झाली नाही, पण पोलिसांना ती होईल असं वाटलं. अशा वेळी कलम १७० खाली प्रतिबंधात्मक अटक होऊ शकते आणि कलम १२६ खाली प्रस्ताव तहसीलदारांकडे जातो. बोईसर पालघर तालुक्यात येतं, त्यामुळे कामगाराला पालघर गाठावं लागतं.

तिथे तहसीलदार एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बाँड मागू शकतात. सराईत गुन्हेगार ठरवून कलम १२९ लावलं, तर ही मुदत तीन वर्षांपर्यंत जाते. बाँड किंवा जामीनदार देता आला नाही, तर तुरुंगात जावं लागू शकतं. परगावाहून आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारासाठी स्थानिक जामीनदार आणणं हीच मोठी अडचण असते. म्हणजे कोणताही गुन्हा सिद्ध न होता, फक्त ‘करेल’ या शक्यतेवर, स्वातंत्र्य जाऊ शकतं.

म्हणूनच १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. तो मिळवला मूळ पुण्याचे समाजवादी नेते मधू लिमये यांनी, बिहारमधल्या मुंगेरच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांविरुद्ध. न्यायालयाने ही तरतूद रद्द केली नाही. मात्र पोलिसांच्या माहितीची चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम बाँड मागता येणार नाही, असं स्पष्ट केलं.

एकाच जिल्ह्यात दोन पद्धती

पालघर आणि बोईसरमध्ये हे अधिकार तहसीलदारांकडे आहेत. पण याच जिल्ह्यातला वसई तालुका २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे. आयुक्तालयाच्या हद्दीत हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांनाच दिले जातात. म्हणजे प्रस्ताव पाठवणारे पोलीस आणि निर्णय देणारेही पोलीस. तमिळनाडूतली अशी व्यवस्था मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवली होती.

तहसीलदार कायद्याचे पदवीधर नसले, तरी ते स्थानिक परिस्थिती जाणतात आणि दंगल थांबवायला कोर्टाच्या तारखेची वाट पाहता येत नाही, हा या व्यवस्थेच्या बाजूचा युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. पण संचारबंदीचा झटपट आदेश देणं वेगळं आणि एका माणसाला वर्षभरासाठी बांधून ठेवणं वेगळं.

नोटीस आली तर काय बघायचं?

▪️ वर नाव कोणाचं आहे : न्यायदंडाधिकारी की कार्यकारी किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी? पहिल्याकडे गुन्ह्याचा खटला असतो, दुसऱ्याकडे प्रतिबंधात्मक कारवाई.

▪️ चॅप्टर केसच्या लेखी आदेशात मिळालेल्या माहितीचा सारांश, बाँडची रक्कम, मुदत आणि जामीनदारांची संख्या असावी लागते. आपल्याविरुद्ध नेमकं काय म्हटलंय, ते इथे कळतं.

▪️ तहसीलदारांसमोरही वकील देता येतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते. घाईत ‘इथे सही करा’ म्हटलं, तर आधी वाचा.

▪️ चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. विशेष कारण नोंदवून मुदत वाढवली नसेल, तर कारवाई संपते.

▪️ बाँडचा अंतिम आदेश मान्य नसेल, तर सत्र न्यायालयात अपील करता येतं. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्तींना ही मदत मिळते, त्यांचं उत्पन्न कितीही असो.