सतरा मजल्यांच्या सावलीतला गाळा

रावेर, सावदा, फैजपूरकडचा दुकानदार माल भरण्यासाठी जळगावला उतरला, की नेहरू चौकातील सतरा मजली इमारत त्याच्या नजरेस पडतेच. सरदार वल्लभभाई पटेल टॉवर हे तिचे नाव, पण लोकांच्या तोंडी ती ‘सतरा मजली’च. जळगावची महानगरपालिका 2003 मध्ये झाली. ही इमारत त्याआधीची, नगरपालिकेच्या काळातली. खान्देशातल्या माणसाने एवढी उंच सरकारी कचेरी मुंबईतच पाहिलेली असायची, म्हणून तिचे अप्रूप वाटणे साहजिक होते.

व्यापाऱ्याने मात्र अशा इमारतीकडे वेगळ्या नजरेने पाहावे. उंच कचेरी उभी राहिली की माणसांची वर्दळ वाढते, आणि वर्दळ म्हणजे गिऱ्हाईक. जवळच महात्मा फुले मार्केटमध्ये कापड आणि रेडीमेडची दुकाने आहेत, तर गोलाणी मार्केट मोबाइलच्या धंद्यासाठी ओळखले जाते. अशा भर बाजारात एक गाळा मिळाला म्हणजे नशीब उघडले, असेच कोणालाही वाटेल. पण गाळा आपला आहे की भाडेपट्ट्याचा, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

जळगावच्या गाळेधारकांना हा धडा महागात मिळाला. पालिकेच्या 18 व्यापारी संकुलांतील दोन हजारांहून अधिक गाळ्यांच्या भाडेपट्ट्याची मुदत 2012 मध्ये संपली. वर्षानुवर्षे त्याच जागी बसलेल्या व्यापाऱ्यांना वाटत होते, की जुन्याच भाड्यात मुदत वाढेल. पालिकेने बाजारभावाप्रमाणे भाडे मागितले, थकबाकीची बिले दिली, गाळे खाली करण्यासाठी कलम 81-ब खाली नोटिसा काढल्या. मोर्चे, बंद आणि कोर्टकचेऱ्या यांत अनेक वर्षे गेली.

पालिकेचीही अडचण होती. 1989 ते 2001 या काळात तिने घरकुलांसह निरनिराळ्या योजनांसाठी हुडकोकडून सुमारे 141 कोटींचे कर्ज घेतले होते. व्याजाने ते फुगत गेले आणि शेवटी 2019 मध्ये राज्य सरकारच्या मदतीने निकाली निघाले. तिजोरी रिकामी असली की मालक प्रथम भाड्याकडे पाहतो. मग तो सावकार असो वा पालिका.

2019 च्या राज्याच्या नियमांत पालिकेच्या मालमत्तेचे वार्षिक भाडे बाजारमूल्याच्या किमान 8 टक्के ठरले होते. समजा, गाळ्याचे मूल्य 20 लाख रुपये धरले, तर वर्षाला 1 लाख 60 हजार, म्हणजे महिन्याला 13 हजारांवर भाडे होते. घड्याळ दुरुस्त करणारा किंवा शिलाईकाम करणारा कारागीर एवढे कुठून देणार? व्यापाऱ्यांच्या ओरडीनंतर 2023 मध्ये हा दर बराच खाली आणला गेला. पण तोवर मधल्या वर्षांच्या चिंतेने अनेकांची झोप उडाली होती.

आता मुंबईचे उदाहरण पाहा. आपले अनेक व्यापारी मालासाठी जातात त्या भेंडी बाजारात 2009 पासून सैफी बुऱ्हानी ट्रस्टच्या योजनेतून साडेसोळा एकरांवरील सुमारे 250 जुन्या इमारती पाडून टॉवर उभे करण्याचे काम हाती घेण्यात आले. सुमारे 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने यांचा त्यात हिशेब आहे. 31 ऑगस्ट 2017 रोजी त्याच भागातील हुसैनी इमारत कोसळून 33 जण दगावले. जुन्या चाळीला चिकटून राहण्यातही जिवाचा धोका असतो, हे त्या दिवशी साऱ्यांनी पाहिले. म्हणून नव्या इमारतीला विरोध करणे हा उपाय नव्हे. तिच्यात आपली जागा कागदावर पक्की करून घेणे, हा उपाय आहे.

यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, करारावर मुदत किती वर्षांची आहे आणि ती संपल्यावर भाडे कोण व कसे ठरवणार, हे वाचून घ्यावे. दुसरी, भाड्याची पावती स्वतःच्या नावे आहे का, ते पाहावे. आपले कितीतरी कारागीर दुसऱ्याच्या गाळ्यात पोटभाडेकरू म्हणून बसतात, आणि वाद झाला की त्यांचे नाव कुठेच नसते. तिसरी, वरच्या मजल्यावर भाडे कमी असते, पण चालते गिऱ्हाईक जिना चढत नाही. ज्याचे काम ऑर्डरवर चालते त्यानेच तिथे जागा घ्यावी, आणि लिफ्ट, वीज व देखभालीचा खर्च आधीच विचारावा. चौथी, मुदत संपण्याआधी दोन-तीन वर्षे भाडेवाढीसाठी रक्कम बाजूला टाकत जावी.

इमारत किती मजली आहे हे दुरूनही मोजता येते. आपला गाळा किती वर्षांचा आहे, हे मात्र पेटीतला कागद काढूनच कळते. तो आजच काढून वाचावा.